जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या बाळाला कावीळ का होते?

तुझा प्रश्न नीट वाचला. बाळंतपणाला देवगडला माहेरी आलीस, मुलगा झाला, तिसऱ्या दिवशी घरी आणलात. चौथ्या दिवशी तो पोटापर्यंत पिवळा झाला, मग कणकवलीला निळ्या दिव्याखाली ठेवावा लागला आणि आता जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या रक्तपेशींतलं एक एन्झाइम (शरीरातली कामं घडवून आणणारं प्रथिन), कमी असल्याचा रिपोर्ट हातात आहे. घरात कोणी म्हणतं तू फणस खाल्लास म्हणून, कोणी म्हणतं तुझं दूध बाधलं. माझी सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स म्हणून झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं सांगते ते हे की फणसाचा याच्याशी काही संबंध नाही, आणि अंगावरचं दूध मुळीच तोडू नकोस. बाळ जितकं पिईल तितकी शी होईल, आणि बिलिरुबिन, म्हणजे अंग पिवळं करणारं द्रव्य, बाहेर पडायची मुख्य वाट तीच.

नवजात बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात आणि मोठ्या माणसाच्या पेशी जगतात तशा त्या १२० दिवस टिकत नाहीत. त्या मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देणारं एन्झाइम यकृतात असतं, पण पहिल्या आठवड्यात ते मंद चालतं. म्हणून निम्म्याहून जास्त बाळं थोडीफार पिवळी होतातच.

जी-सिक्स-पीडी हे वेगळं एन्झाइम, तांबड्या पेशीतलं. प्राणवायू वाहता वाहता पेशीवर जो ताण येतो त्यापासून तिला वाचवणारं एनएडीपीएच नावाचं द्रव्य जी-सिक्स-पीडी या एकाच एन्झाइमच्या वाटेने तयार होतं. बाकीच्या पेशींना दुसरे मार्ग आहेत, तांबडीला नाहीत. रंग उडालेला पत्रा आपल्या खाऱ्या हवेत गंजतो, तशी ही पेशी एरवी बरी असते, पण ताण वाढला की फुटते.

पण फक्त पेशी फुटतात म्हणून कावीळ वाढते, हे अर्धंच खरं. यातल्या पुष्कळ बाळांचं हिमोग्लोबिन फारसं उतरलेलं नसतं आणि तरी बिलिरुबिन चढतं. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी १९९७ साली दाखवलं, की जी-सिक्स-पीडीच्या जोडीला यकृतातल्या त्या एन्झाइमच्या जनुकात गिल्बर्टचा बदल, म्हणजे ते एन्झाइम मंद करणारा बदल, असेल, तर कावीळ जास्त चढते. म्हणजे आवक थोडी वाढलेली आणि निचरा मंद. म्हणूनच एकाच घरातल्या दोन भावांत रिपोर्ट सारखा असून एकाला दिवे लागतात, दुसऱ्याला नाही.

आता तुझ्या घरात शोधायची गोष्ट. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून आपण गोधड्या, लुगडी, झबली पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवतो आणि बाळ आलं की तीच मऊ जुनी वस्त्रं काढतो. या गोळ्यांतलं नॅफ्थलीन वासातून आणि कातडीतून बाळाच्या रक्तात जातं. अंगाला तेल चोळलेलं असेल तर आणखी सहज. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या बाळांत यामुळे पेशी झपाट्याने फुटून जीव धोक्यात आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. त्या पेटीतलं काहीही त्याच्या अंगाला लावू नकोस, आणि गोळ्याच घराबाहेर काढ. सासूबाईंनी मायेनेच गोधडी काढली असेल, तर ती माया तशीच राहू दे, पण गोधडी बदल.

वालाबद्दल विचारलंस. या आजारात वर्ज्य असतो तो बाकला (इंग्रजीत फावा बीन), विसिन आणि कन्व्हिसिन ही द्रव्यं असलेला. आपले कडवे वाल ही वेगळी जात, बिरडं खायला हरकत नाही. औषधांचं मात्र सांभाळ. मलेरियावरचं प्रायमाक्विन, डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरान्टॉइन ही बाळाला किंवा दूध पाजणाऱ्या तुला डॉक्टरांना रिपोर्ट दाखवल्याशिवाय नकोत. जंतुसंसर्ग स्वतःही पेशी फोडतो, म्हणून ताप अंगावर काढायचा नाही.

हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलग्यांत जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा आईकडून येतो. यावरून तुला कोणी बोल लावत असेल तर माझं हे उत्तर त्यांना वाचून दाखव. जगात सुमारे ४० कोटी लोकांत हा दोष आहे. मलेरियाच्या प्रदेशांत तो टिकून राहिला, कारण त्याने मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. आपल्याकडे तर कल्याण नावाचा प्रकारच आहे, १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेला. कोणी काही खाऊन किंवा पाप करून तो आणत नाही.

पुन्हा पिवळेपणा वाढतोय का, हे दिवसाच्या उजेडात नाकावर आणि छातीवर बोट दाबून बघ. पिवळेपणा गुडघ्याखाली, तळव्यांपर्यंत गेला, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, किंचाळून रडू लागलं, पाठ धनुष्यासारखी मागे ताणू लागलं, लघवी गडद तपकिरी झाली, तर रात्र असली तरी गाडी काढा. बिलिरुबिन मेंदूत शिरलं की ऐकणं आणि हालचाल कायमची जाऊ शकते. कोवळ्या उन्हात धरणं हा त्यावर उपाय नाही, आणि आषाढात ऊन असतं कुठे?

आणखी एक, पेशी फुटत असताना केलेली तपासणी कधी खोटी नॉर्मल येते, कारण नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. तुझ्या बहिणीच्या मुलाचा रिपोर्ट कावीळ असतानाच काढलेला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांग. लसी सगळ्या वेळेवर द्या, आणि माता-बाल कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनने जी-सिक्स-पीडी कमी असं लिहून ठेव.