इंग्लंडमध्ये घरातले आणि बागेतल्या शेडमधले प्लास्टिकचे कन्झ्युमर युनिट बदलावेच लागते का?

घरातल्या विजेच्या तपासणी अहवालात जिन्याखालच्या प्लास्टिकच्या कन्झ्युमर युनिटवर (म्हणजे मेन स्विच आणि फ्यूज असलेल्या डब्यावर) 'सी ३' असा शेरा आला आहे, तर ते बदलणे सक्तीचे आहे का आणि शेडमध्ये नवे युनिट बसवताना हाच नियम लागतो का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरून माझा आणि माझ्या धाकट्या मेव्हण्याचा वाद अजून मिटलेला नाही.

शेडलाही नियम लागतो. वीजजोडणीच्या ब्रिटिश मानकातील, म्हणजे बीएस ७६७१ मधील, ४२१.१.२०१ हे कलम १ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. निवासी जागेत बसवायच्या नव्या युनिटचे आवरण न जळणाऱ्या पदार्थाचे, म्हणजे व्यवहारात पोलादी पत्र्याचे, असावे किंवा ते युनिट तशाच कपाटात बंदिस्त असावे, असे ते सांगते; आणि घराचे गॅरेज व शेड, जोडलेले असो वा सुटे, त्यातच धरले जाते. मेव्हण्याचे म्हणणे असे, की "दाजी, शेडमध्ये झोपते कोण? शिवाय ओलीत पत्रा गंजतो." त्याने आपल्या सुतारकामाच्या शेडमध्ये स्वस्तात मिळालेले प्लास्टिकचे युनिट स्वतःच बसवले होते. भिंतीलगत भुशाची पोती, वर वॉर्निशचे डबे, आणि हिवाळ्यात ३ किलोवॅटचा हीटर व कॉम्प्रेसर एकाच वेळी चालू. त्याला काही दिवस मासळीसारखा वास येत होता आणि तो त्याचा दोष नव्या वॉर्निशला देत होता. पॅनेल जोडणे हा माझा व्यवसाय असल्याने मला तो वास ओळखायला वेळ लागला नाही. घरातून पुरवठा बंद करून झाकण काढले, तर मेन स्विचच्या न्यूट्रल टर्मिनलचे प्लास्टिक तपकिरी पडलेले, वायरचे आवरण कडक झालेले आणि स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत होता.

एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच) का पडला नाही, हा त्याचा पहिला प्रश्न होता. प्रवाह मर्यादेतच होता, मग तो पडेल कशाला? जमिनीकडे गळती नव्हती, म्हणून अशी गळती होताच वीज तोडणारी आरसीडीही गप्प राहिली. सैल जोडात ०.०५ ओहम रोध धरला आणि २५ अँपिअर प्रवाह धरला, तर तिथे सुमारे ३१ वॅट उष्णता निर्माण होते, म्हणजे बंद डब्यात एक सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास चालू ठेवल्यासारखेच. लंडन फायर ब्रिगेडला प्लास्टिकच्या युनिटांच्या ज्या आगी वाढलेल्या आढळल्या आणि ज्यांच्यामुळे हे कलम आले, त्यांच्या मुळाशीही मुख्यतः असे सैल जोडच होते.

यावर मेव्हणा म्हणाला, "म्हणजे पत्र्याचा डबा बसवला की झाले." मुळीच नाही. पत्रा आग लागू देत नाही असे नसून लागलेली आग बाहेर पसरण्यास अडवतो, आणि तेही वायर आत घेण्याची व न वापरलेली भोके नीट बुजवलेली असतील तरच. जोड सैल पडू नये यासाठी निर्मात्याने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क स्क्रूड्रायव्हरने स्क्रू आवळावे लागतात आणि बसबारचा, म्हणजे स्विचांना वीज पोचवणाऱ्या धातूच्या पट्टीचा, दात क्लॅम्पच्या मागे न जाता आतच बसला आहे, हे डोळ्यांनी पाहावे लागते. "हाताला अंदाज आहे" असे म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला काम देऊ नये, मग तो नातेवाईक का असेना.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. 'सी ३' म्हणजे सुधारणेची शिफारस. ती सक्ती नव्हे, आणि हे कलम जुन्या युनिटांना मागे जाऊन लागू होत नाही. मात्र लाकडी जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर युनिट असेल, तर मी ते बदलेन. जळाल्याच्या खुणा असतील, तर प्रकरण 'सी ३' वर थांबतच नाही. घर भाड्याने दिलेले असल्यास २०२० च्या नियमांनुसार किमान दर ५ वर्षांनी तपासणी आणि 'सी १' (तत्काळ धोका) किंवा 'सी २' (संभाव्य धोका) दोषांची दुरुस्ती २८ दिवसांत, गरज असल्यास त्याहूनही लवकर, करावी लागते.

हे उत्तर इंग्लंडपुरते आहे, आणि युनिट बदलण्याचे काम इथे इमारत नियमांच्या भाग 'पी' खाली कळवावे लागते, त्यामुळे ते नोंदणीकृत माणसाकडूनच करून घ्यावे. शेडला स्वतःचा अर्थ रॉड (अर्थिंगसाठी जमिनीत ठोकलेली सळी) असेल, तर पत्र्याच्या डब्याचा एक धोका खरा आहे: आरसीडीच्या आधीची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली, तर रॉडचा रोध जास्त असल्याने फ्यूज उडत नाही आणि डब्याच्या पत्र्यातच वीज उतरलेली राहते. म्हणून तिथे ग्लँड (वायर भोकात घट्ट धरणारा जोड) लावून वायर घट्ट धरावी आणि घराच्या टोकाला वेळ-विलंबाची आरसीडी घ्यावी. मेव्हण्याला एवढा मुद्दा मी देतो, गंजाचा नाही.