सुई खाली ठेवू नकोस

प्रिय मुली,

तुझ्या कादंबरीची चाळीस पानं वाचली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कांदिवलीच्या सोसायटीतल्या सहा बायका दर शनिवारी क्लबहाऊसमध्ये गोधडी शिवायला जमतात, आणि चाळीस पानांत सुई किती वेळा येते? तीनदा. त्यातही एकदा बोटात घुसते, ती रडायला निमित्त हवं म्हणून.

फोनवर विचारलंस, "बाई, शेवटी सगळ्या सावरलेल्या दाखवल्या तर खोटं वाटेल का? आणि नाही दाखवल्या तर वाचणार कोण?" हाच पेपर मी एकेकाळी देऊन नापास झालेय, म्हणून फोनवर गप्प बसले. आता लिहिते.

तू लोकलमध्ये वाचतेस त्या अमेरिकी कादंबऱ्या मीही वाचल्यात. एल्म क्रीक मालिका १९९९मध्ये सुरू झाली. पहिल्याच पुस्तकात एक फटकळ म्हातारी एका तरुण मुलीला क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, शिकवते. लोक म्हणतात, गोग्गोड आहे. असेल. पण तिथे तुकडे मापात कापावे लागतात, कोपऱ्याला कोपरा जुळवावा लागतो, आणि मैत्री त्या वेळात होते. तू ते सगळं गाळलंस आणि नुसती मैत्री उचललीस.

गोधडी शिवताना कधी पाहिलीयस, की इन्स्टाग्रामवरच? लालबागच्या आमच्या खोलीत मे महिन्यात, पावसाच्या आधी, ट्रंका नि पिंपं गॅलरीत काढून ती अंथरायची. खाली विरलेलं लुगडं, मध्ये धोतरं, फाटक्या चादरी, जे असेल ते. वर त्यातल्या त्यात बरं लुगडं. सळ पडू नये म्हणून कोपऱ्यावर वरवंटा. चौघी चार काठांना बसायच्या आणि धावदोरा घालत आत आत सरकायच्या. पहिल्या दिवशी पलीकडचीशी बोलायला आवाज चढवावा लागायचा. तिसऱ्या दिवशी गुडघ्याला गुडघा लागायचा, कुजबुजही पुरायची. जे कुणी कुणाला सांगत नसे ते त्या मधल्या हातभर जागेत निघायचं. कादंबरीचा याहून चांगला आराखडा तुला कुठल्या कार्यशाळेत मिळणार आहे? तुझ्या बायका मात्र पहिल्याच शनिवारी, चहा यायच्या आत, घटस्फोटासकट सगळं ओकून मोकळ्या!

१९८२ची गोष्ट. १८ जानेवारीला संप सुरू झाला होता, मे उजाडला तरी गिरण्या बंदच. समोरच्या खोलीतली, माझ्याच वयाची, दोरा ओवता ओवता म्हणाली, "काल डोरलं विकलं." कुणी मान वर केली नाही. आई म्हणाली, "रीळ दे इकडं," आणि मांडी सरकवून तिला उजेडाच्या बाजूला जागा केली. बस. पुढचा टाका.

हे मी पाच वर्षांनी कादंबरीत घातलं. संपादक म्हणाले, प्रसंग उभा राहत नाही. मग मी तिला रडवलं, बाकीच्या तिघींनी तिला मिठी मारली, एकीच्या तोंडी "तू एकटी नाहीस" असं वाक्यही घातलं. आमच्या चाळीत कुणी कुणाला मिठी मारलेली मी बघितलेली नाही. नळावर झिंज्या धरलेल्या बघितल्या. पुस्तक तिनं अख्खं वाचलं, परत आणून दिलं आणि म्हणाली, "रडले कुठे होते गं मी?" त्यानंतर हळदीकुंकवाला बोलवायची, पण दारात उभं राहून गप्पा मारणं संपलं.

मी तिशीची, शाळेची नोकरी, घरात दोन पोरं. संपादकांचा शब्द मोडणार कसा? शिवाय आवृत्ती संपली. (एकच.) घडलेलं बदलायचा हक्क लेखकाला असतोच, हे मी आजही भांडून सांगेन. तिला रडवलं याचं मला तितकं नाही. रडवण्यासाठी चौघींच्या हातातली सुई खाली ठेवायला लावली, ते मात्र चुकलं. सुई चालू होती म्हणून ती बोलू शकली होती. सगळ्यांचे डोळे टाक्यावर होते म्हणून. हे मला कळायला एका मैत्रिणीची किंमत पडली; तुला फुकट सांगतेय तर ऐक.

सुझन ग्लास्पेल या अमेरिकी लेखिकेची 'अ ज्युरी ऑफ हर पिअर्स' शोधून वाच. १९१७ची कथा, वार्ताहर असताना तिनं पाहिलेल्या एका खून खटल्यावरून लिहिलेली. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या बाईच्या घरात पुरुष पुरावे हुडकत फिरतात, स्वयंपाकघरात बसलेल्या दोघींना तिचा अर्धवट क्विल्ट सापडतो. सगळे टाके नेटके, एका तुकड्यावरचे मात्र सैरावैरा. त्या दोघींना काय ते समजतं. त्यातली एक न बोलता ते टाके उसवते आणि नीट घालायला घेते. एवढंच! मैत्री म्हणजे काय, यावर अक्षर नाही. आणि तुझ्या एकोणिसाव्या पानावर मैत्रीची व्याख्या आहे, दीड परिच्छेद. काढ ती.

सावरतात की नाही हे तू ठरवत बसू नकोस. गोधडी किती झाली ते लिही. कुणाचा टाका सैल पडला, कुणी ती ओळ उसवली, कुणी उसवू दिली नाही, ते लिही.

आणि ती चौथी, आई गेलेली, अकरा पानं नुसती कपाटासमोर उभी आहे. ती कोण हे मला विचारायची गरज नाही. आईच्या साड्या अजून तशाच आहेत ना? रविवारी त्यातल्या दोन घेऊन ये. कापायच्या नाहीत, घाबरू नकोस, अख्ख्या आत जातात. दाभण माझ्याकडे आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला नेढं दिसत नाही, तेव्हा दोरा तू ओवायचास.

तुझ्या,
बाई