ऐकू येतं, पण कळत नाही : कानांविषयी वाचकांचे प्रश्न

बडोद्याहून आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला आम्ही स्वतंत्रपणे लगेच उत्तर पाठवले. तरी ते सर्वांत वर छापतो आहोत, कारण या दुखण्यात दिवस मोजावे लागतात.

प्रश्न : पाच दिवसांपूर्वी सकाळी उठले तर उजव्या कानाला दडा बसलेला. त्या कानाला फोन लावला तर काही कळेना. सर्दी नाही, दुखत नाही. मेडिकलमधून थेंब आणले, फरक नाही. वय 47, मधुमेह आहे. (वाचिका, दांडिया बाजार)

उत्तर : थेंब बंद करा आणि आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मळामुळे बसलेला दडा आणि आतल्या नसेला मार बसल्याने वाटणारा दडा, दोन्ही सारखेच भासतात. घरी एक अंदाज घेता येतो. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा आवाज काढा. तो दडा बसलेल्या कानात जास्त घुमला तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो. चांगल्या कानाकडे सरकला तर आतल्या कानाची शंका घ्यावी. डॉक्टर 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की एकाच सुरात वाजणारा धातूचा चिमटा) कपाळाला टेकवून हेच पाहतात. मात्र घरच्या अंदाजावर विसंबून थांबू नका. अशा अचानक आलेल्या बहिरेपणात स्टिरॉइड जितके लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त, आणि दोन आठवडे उलटले की ती फार कमी होते. मधुमेह आहे हे आधीच सांगा. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर चढते, म्हणून काही रुग्णांना पडद्यातून मधल्या कानात इंजेक्शन देतात. सोबत चेहरा वाकडा झाला, जीभ अडखळली किंवा एका बाजूची ताकद गेली, तर सरळ इमर्जन्सीत जायचे.

प्रश्न : माझे वडील 71 वर्षांचे आहेत. टीव्ही मोठ्याने लावतात आणि वर आम्हालाच म्हणतात, ‘तुम्ही सगळे पुटपुटता.’ ऑनलाइन स्वस्तात मशीन मिळते, ते मागवू का? (वाचक, रावपुरा)

उत्तर : वडिलांना खरोखरच तसे ऐकू येते. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस, म्हणून ते पोचतात. स, श, त, थ, फ हे वरच्या पट्टीतले आणि दुबळे, ते गळतात. खंडेराव मार्केटात भाजीवाली ‘साठ’ म्हणाली की ‘आठ’, हे ठरवतो तो एकटा ‘स’. मराठीत आणि गुजरातीतही. तुम्ही ओरडलात तर स्वर वाढतात, ‘स’ तिथेच राहतो. त्यापेक्षा टीव्ही बंद करून, समोर येऊन, आधी हाक मारून सावकाश बोला.

मशीनआधी तपासणी. पहिल्यांदा कानातला मळ काढून घ्यायचा, मग ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती जोरात लागतो याचा आलेख. त्या कागदावर डावीकडून उजवीकडे 250 ते 8000 हर्ट्झ (आवाजाची पट्टी) आणि वरून खाली डेसिबल (आवाजाचा जोर) असतात. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. वयोमानाच्या बहिरेपणात रेघ डावीकडे वर असते आणि उजवीकडे उतरत जाते. स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर सगळेच आवाज चढवतो, त्यामुळे आधीच ऐकू येणारे भांड्यांचे, पंख्याचे आवाज डोक्यात घणासारखे बसतात आणि ‘स’ हरवलेलाच. नीट बसवलेले मशीन ऑडिओग्रामप्रमाणे फक्त पडलेल्या पट्ट्या उचलते. दोन्ही कान उतरले असतील तर दोन मशीन लावलेली बरी. बाजू ओळखता येते आणि गर्दीतले बोलणे समजते.

पहिल्याच दिवशी सगळे सुरळीत होईल असे समजू नका. सुरुवातीला घरातच दोन-तीन तास, मग रोज थोडे वाढवत न्या. मेंदूला सवय व्हायला चार ते सहा आठवडे जातात, आणि त्या काळात सेटिंगसाठी दोन-तीनदा परत जावेच लागते. बहुतेक मशीन कपाटात पडतात ती याच टप्प्यावर, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा कान वाहत असेल, तर मशीनच्या दुकानाआधी डॉक्टर.

प्रश्न : मुलगी 19 वर्षांची, नऊ रात्री मोठ्या मैदानावर गरबा खेळते. घरी आल्यावर कानात ‘कुंईऽ’ वाजते म्हणते. काळजीचे आहे का? (वाचिका, अलकापुरी)

उत्तर : आहे. तो आवाज म्हणजे आतल्या कानातल्या केसपेशी थकल्याची खूण. सकाळपर्यंत ओसरला तरी रोज असे झाले तर काही पेशी कायमच्या जातात, आणि गेलेली पेशी परत येत नाही. हिशोब असा : 85 डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन, 100 ला जेमतेम 15 मिनिटे.

तिला गरबा सोडायला सांगू नका. उघड्यावर स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की सुमारे 6 डेसिबल उतरतात, म्हणून स्पीकरजवळच्या कोपऱ्यात खेळू नये आणि मधली विश्रांती लांब जाऊन घ्यावी. कापसाचा बोळा फारसा कामाचा नाही. फोमचे इयरप्लग घ्या. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून अर्धा मिनिट धरायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. दोन दिवसांनंतरही कान वाजतच राहिले तर ऑडिओग्राम करा.

प्रश्न : आजी कानात गरम तेल घालते, मी इयरबड वापरतो. चूक कोणाची? (वाचक, मांडवी)

उत्तर : दोघांचीही. मळ आपणहून बाहेर सरकत असतो, बड तो उलटा पडद्याकडे ठोसतो. गरम तेलाने पोळते आणि चक्कर येते. पावसाळ्यात ओल्या कानात बुरशी धरते, तेव्हा तर तेल नकोच. मळ घट्ट झाला असेल, कान कधी वाहिला नसेल आणि पडद्याला भोक नसेल, तर साध्या ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब, बाटली मुठीत धरून कोमट करून, दिवसातून दोनदा घाला. पाच मिनिटे कुशीवर पडून राहा. तीन ते पाच दिवस पुरतात. मधेच दडा वाढला तर घाबरू नका, मळ फुगलेला असतो. तरी सुटला नाही तर डॉक्टरांकडून काढून घ्या, रस्त्यावरच्या कान कोरणाऱ्याकडून नाही. आजींना मधुमेह असेल आणि रात्री झोप उडवणारे कानदुखणे असेल, तर तेल-पाणी काहीही न घालता त्याच दिवशी दाखवा.