वाचकांचे प्रश्न : उरलेली तीस पाने

प्रश्न : मी सांगे तालुक्यातील वालकिणी येथे राहते. आमचे घराणे मूळचे कुर्डीचे. गेली वीस वर्षे मी एका इंग्रजी लेखिकेच्या प्रणयकादंबऱ्या वाचत आले आहे. पहिल्या मालिकेत ज्यांची लग्ने जमली, त्यांच्याच मुलामुलींच्या प्रेमकथा दुसऱ्या मालिकेत आल्या. पहिली मालिका मी लग्नाआधी, मडगावला नोकरीला असताना वाचली. दुसरी मुलीबरोबर वाचली. म्हणजे आधी तिने वाचायचे, मग मी, आणि माझे संपेपर्यंत तिने चकार शब्द काढायचा नाही, असा आमचा करार आहे. जूनमध्ये शेवटचा भाग आला आणि ह्यापुढे आपण ह्या घराण्यांवर लिहिणार नाही, असे लेखिकेने सांगून टाकले. माझी तीस पाने उरली असताना कदंब बसचे तिकीट खुणेला घालून मी पुस्तक मिटले, ते चवथ होऊन गेली तरी उघडलेले नाही. सासूबाई म्हणतात, कथेतल्या माणसांचे एवढे कसले सुतक? आता नातवंडांवर लिहा, असे लेखिकेला कळवावेसे वाटते. कळवू का?

— एक वाचक, वालकिणी

उत्तर : सासूबाईंनी सुतक हा शब्द थट्टेने वापरला असेल, पण आपल्याला वाईट वाटण्यामागे ठोस कारण आहे आणि ते ह्या प्रकारच्या मालिकेच्या घडणीतच आहे. अमेरिकेतील प्रणयलेखकांच्या संघटनेने अशा कादंबरीसाठी दोनच अटी सांगितल्या आहेत : प्रेमकथा केंद्रस्थानी असावी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी असावा. शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे लग्न लागले की पुस्तक खाली ठेवायची वाचकाला सवय झालेली असते. दुसऱ्या पिढीची मालिका ही सवय मोडते. पहिल्या मालिकेतला बेफिकीर नायक येथे केस पिकलेला बाप होऊन भावी जावयाची उलटतपासणी घेत असतो, आणि टेबलाच्या पलीकडून त्याची बायको त्याच्याकडे ज्या नजरेने पाहते, त्या एका नजरेसाठी आपण तीनशे पाने वाचलेली असतात. वीस वर्षांच्या संसारानंतरही त्या दोघांचे बरे चालले आहे, ही बातमी लग्नापाशी थांबणारी कादंबरी देऊ शकत नाही. त्यामुळे शेवटच्या भागात मुले एकदा निरोप घेतात आणि आईबाप दुसऱ्यांदा घेतात.

तरीही कळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘लिटल विमेन’च्या शान्ता शेळके यांनी केलेल्या ‘चौघीजणी’ ह्या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या घरातल्या झालेल्या बहिणी आठवा. त्यांच्या मुलाभाच्यांपर्यंत कथा नेणारे शेवटचे पुस्तक मूळ लेखिका लुइझा मे अल्कॉट यांनी १८८६ साली प्रसिद्ध केले, आणि त्याच्या अखेरीस त्यांनी जे लिहिले ते वाचून मला प्रथम हसू आले होते : थकलेल्या कथालेखकाला असा मोह होतो की एक भूकंप घडवून त्या बहिणींपैकी जोची शाळा जमिनीत इतकी खोल गाडावी की गाडले गेलेले प्राचीन ट्रॉय शहर शोधणाऱ्या श्लीमानच्या वारसालाही तिचा मागमूस लागू नये. वाचकांच्या आग्रहापायी लिहीत राहिलेल्या बाईंचा हा विनोद आहे, पण त्यातला थकवा खोटा वाटत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. कॅनडाच्या लेखिका एल. एम. माँटगोमेरी यांनी १९०८ साली ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ने सुरू केलेली ॲन ह्या अनाथ मुलीची कथा १९२१ साली तिच्या धाकट्या मुलीपर्यंत आणली. ती मुलगी पहिल्या महायुद्धाच्या काळात मोठी होते, प्रेमात पडते, आणि त्याच युद्धात तिचा कवी भाऊ वॉल्टर मारला जातो. त्यानंतर लेखिका १९३६ आणि १९३९ साली पुन्हा त्या कुटुंबाकडे वळल्या, पण पुढे न जाता मागे गेल्या आणि आधी वगळलेली वर्षे त्यांनी भरून काढली. १९३९च्या पुस्तकाच्या शेवटी ॲन रात्री मुलांच्या खोल्यांतून फिरते, तेव्हा झोपलेल्या वॉल्टरच्या डोक्याच्या वरच्या भिंतीवर खिडकीच्या गजांची क्रुसासारखी सावली पडलेली असते. वाचकाला पुढचे सारे ठाऊक आहे, लेखिकेलाही आहे, आणि त्या लहान मुलाचे आता कोणालाच काही करता येत नाही. मला ते पान फार आवडते, परंतु मागणीवरून मिळालेल्या पुस्तकात आपल्याला पूर्वीचाच आनंद सापडेल, ही अपेक्षा मात्र त्याने कायमची मोडली. नातवंडांवर लिहायचे तर आपला तो केस पिकलेला नायक मरणाच्या वयाला येईल. तेही वाचायची आपली तयारी आहे काय?

आपण कुर्डीच्या म्हणून एक गोष्ट लिहिण्याचे धाडस करतो. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले ते गाव मे महिन्यात पाणी ओसरले की वर येते आणि आपली माणसे सोमेश्वराच्या उत्सवाला तेथे जमतात. नुसत्या जोत्यांवरून माजघर कोठे होते, तुळस कोठे होती, हे जुनी माणसे बोट ठेवून सांगतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळे परत येतात. दोन्ही मालिका आपल्याकडे आहेतच. त्यांच्याकडे असे अधूनमधून जाता येईल, आणि पूर्वी नजरेतून निसटलेले एखादे वाक्य दर खेपेला सापडेल. मात्र त्यासाठी पुस्तक एकदा पूर्ण झालेले असावे लागते. अर्धवट मिटलेल्या पुस्तकाकडे परत जाता येत नाही, कारण आपण त्यातून बाहेरच पडलेलो नसतो. (आपल्या पावसात कपाटात बंद राहिलेल्या पुस्तकावर बुरशी चढते आणि बसच्या तिकिटावरची अक्षरेही एव्हाना उडाली असतील, हे जाता जाता.)

आपल्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. करारानुसार आपल्या मुलीने हे पुस्तक आपल्याआधीच संपवलेले असणार. म्हणजे शेवट कसा झाला, कोण कोणाला काय म्हणाले, तो म्हातारा नायक शेवटच्या पानावर आहे की नाही, हे सारे मनात ठेवून ती जूनपासून गप्प आहे. ती तीस पाने ह्या रविवारी दुपारी वाचून काढा आणि संध्याकाळी तिला बोलू द्या.