व्हिएतनाम युद्धातलं ह्युई हेलिकॉप्टर दुरुस्त करून पुन्हा उडवता येतं का?

हो, येतं; पण गाडं अडतं ते सांगाड्यापेक्षा कागदपत्रांवर. यूएच-१एच या ह्युईच्या मॉडेलमधली मुख्य रोटरची पाती, मास्ट (रोटर फिरवणारा उभा दांडा), टेन्शन-टॉर्शन स्ट्रॅप (पाती मध्यभागाशी धरून ठेवणारे पट्टे) या भागांना मॅन्युअलमध्ये ठरावीक आयुष्य दिलेलं असतं. किती तास वापरले याची नोंद हरवली, तर भाग कितीही नवाकोरा दिसो, तो बादच. म्हणून नोंदी आधी तपासा, रंगकाम अगदी शेवटी. दुसरा शत्रू गंज. गिअरबॉक्सची आवरणं मॅग्नेशियमची. पोलादी बोल्टभोवती रंगाला फोड आलेले दिसले, तर नखानं खरवडून बघा, खाली गंजाची पांढरी भुकटी निघते. मात्र अमेरिकेत अशी लष्करी ह्युई बहुधा रिस्ट्रिक्टेड (ठरावीक कामांपुरत्या) किंवा एक्सपेरिमेंटल (प्रयोग, प्रदर्शन अशा उड्डाणांपुरत्या) वर्गात नोंदली जातात, त्यामुळे एरवी पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.