गर्डर २०० चा की २५० चा?

प्रश्न: पाचोऱ्याला घराला लागून गॅरेज काढतोय, १६ फूट रुंद, २० फूट लांब, वर स्लॅब. ट्रॅक्टर न चारचाकी दोन्ही लावायचेत म्हणून मधी खांब नको, लांबीच्या मधोमध, रुंदीत आडवा एकच लोखंडी गर्डर टाकायचा विचार आहे. फॅब्रिकेटर म्हणतो २०० चा (म्हणजे २०० मिलिमीटर उंचीचा) बास झाला, शेजाऱ्यांनी तोच टाकलाय. टाकू का?

उत्तर: नका टाकू दादा. शेजाऱ्यांच्या गर्डरवर पत्रे आहेत का स्लॅब, हे आधी बघा, पत्र्याला २०० चालून जातो पण स्लॅबचं गणितच वेगळं. साडेचार इंची स्लॅब, फरशी न वरचा वावर धरला तर चौरस मीटरला ६०० किलोच्या आसपास जातं, गर्डरवर लांबीच्या निम्मा म्हणजे ३ मीटरचा पट्टा येतो, म्हणजे १६ फुटांच्या, धरा ५ मीटरच्या गाळ्यात ९ टन! एवढ्या लोडला आयएसएमबी २०० (हाच तो २०० चा आय आकाराचा गर्डर) मधला ताण २५० मेगापास्कलला (हे ताणाचं माप) टेकतो आणि साध्या स्ट्रक्चरल स्टीलची हद्दच तेवढी आहे, वर मधोमध सव्वा इंच झोल येईल तो वेगळा. २५० चा घेतला की ताण १४० च्या आत राहतो, झोल १४-१५ मिलिमीटर. उंची फक्त २ इंच वाढते, फरक एवढा पडतो. हा ढोबळ हिशोब आहे, ऑर्डर द्यायच्या आधी इंजिनिअरकडून डिझाईन करूनच घ्या.

आता टोकांचं बघा, तिथं कुणी लक्षच देत नाही. एकेका टोकाला साडेचार टन येणार, ते सरळ विटांवर ठेवलं तर भिंत तडकते, म्हणून खाली काँक्रीटचा बेडब्लॉक (टेकूचा ठोकळा) न त्यावर जाड प्लेट पाहिजेच. आणि आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या, नाहीतर गर्डर कितीही भारी घ्या भिंतच हलेल.

वर हजार लिटरची टाकी ठेवणार असाल तर भरल्यावर तो एक टन आहे, ती भिंतीच्या कोपऱ्यावर घ्या, गर्डरच्या मध्यावर अजिबात नको. धान्याची पोती रचणार असाल तर ते इंजिनिअरला आत्ताच सांगा.

माल घेताना काट्यावर वजन करा. २५० चा मीटरला ३७ किलोच्या वर भरतो, १८ फुटी तुकडा साधारण २०५ किलो, बराच कमी भरला तर घेऊ नका.