गोव्यात राहून रेल्वेची लेव्हल-१ नोकरी: वेर्ण्याची कंपनी सोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटी बहीण बी.कॉम., वेर्ण्याला एका औषध कंपनीत कंत्राटावर, हातात बावीस हजार. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीच्या परीक्षेतून निवड झाली; पद ट्रॅक मेंटेनर, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या गँगमधलं, विभाग हुबळी. घरचे म्हणतात, केंद्र सरकारची नोकरी आहे, डोळे मिटून घे. ती म्हणते, गँगमध्ये बाई माणूस काय करणार, त्यात सगळे परप्रांतीय. तुम्हाला फायदे खरे किती आणि वातावरण कसं ते हवंय.

मी रेल्वेत वेल्फेअर इन्स्पेक्टर होतो. पास, क्वार्टर, पेन्शन, अनुकंपा, गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन विधवेच्या सह्या घेणं, हेच माझं काम. तिने नोकरी घ्यावी असं माझं मत आहे. मात्र घरचे देतात ते कारण पुरेसं नाही. ‘रेल्वेत लागली’ याला तसा फारसा अर्थ नसतो. कुठल्या पदावर आणि कुठल्या डेपोत लागली, त्यावर सगळं ठरतं.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण गोव्यात तो नेहमी होतो. आपल्याकडे दोन वेगळ्या रेल्वे आहेत. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, काणकोण ही कोकण रेल्वे. ते महामंडळ आहे, केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचे त्यात भाग आहेत. त्यांची भरती वेगळी, आणि तीत रेल्वेसाठी जमीन गेलेल्यांना प्राधान्य असतं. वास्को, सावर्डे, कुळें आणि पुढे घाट चढून कॅसलरॉक ही पोर्तुगीज काळातली जुनी लाइन. ती 2003 पासून दक्षिण पश्चिम रेल्वेत आहे. बहिणीच्या पत्रावर हुबळी विभाग म्हणजे ही दुसरी. पण हा विभाग बेळगाव, गदग, होसपेटे, बळ्ळारी, विजयपुरापर्यंत पसरलेला आहे. ‘गोव्यात राहून’ हे तुम्ही गृहीत धरलंय, पत्रात तसं कुठेही लिहिलेलं नसणार. बळ्ळारीच्या उन्हात रूळ सांभाळणं आणि सावर्ड्याला रोज घरून जाणं या एकाच पगाराच्या दोन अगदी निराळ्या नोकऱ्या आहेत. विभागातल्या विभागात बदली मागता येते, वेळ लागतो. दुसऱ्या विभागात स्वतःच्या विनंतीवर गेलं तर सीनियॉरिटी तळाला जाते, हे तिला आधीच सांगून ठेवा.

पगार. लेव्हल-१चा मूळ पगार 18,000. जुलै 2025 पासूनच्या 58 टक्के दराने महागाई भत्ता 10,440. त्यावर घरभाडे, वाहतूक भत्ता आणि ट्रॅक मेंटेनरना मिळणारा जोखीम भत्ता. पेन्शनसाठी मूळ अधिक महागाईच्या दहा टक्के, म्हणजे 2,844 कापले जातात. क्वार्टर घेतलं तर घरभाडे बंद. वास्कोत भाड्याने खोली शोधून पाहा, मग क्वार्टरची किंमत कळेल. दसऱ्याच्या आधी बोनस येतो, पेपरात ‘78 दिवसांचा बोनस’ असा मथळा असतो आणि शेजारीपाजारी पार्टी मागतात. तो हिशोब महिना 7,000 धरून होतो, त्यामुळे हातात जास्तीत जास्त 17,951. शेजाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

पासबद्दल लोकांच्या कल्पना फारच मोठ्या असतात. पहिली पाच वर्षं वर्षाला एक सेट, म्हणजे एकदा जाणं-येणं. सहाव्या वर्षापासून तीन. शिवाय वर्षाला चार पीटीओ, म्हणजे सवलतीच्या तिकिटाच्या चिठ्ठ्या, त्यावर तिकिटाचा एक तृतीयांश भरायचा. आता सगळं एचआरएमएस या रेल्वेच्या अ‍ॅपवर मोबाईलमधून निघतं, बाबूच्या टेबलापुढे उभं राहावं लागत नाही. पण पास म्हणजे बर्थ नव्हे. मे महिन्यात पास हातात आणि वेटिंग दोनशेवर, हे रेल्वेवाल्यालाही चुकत नाही.

दवाखान्याचा फायदा मोठा आहे आणि गोव्यातून घ्यायला अवघडही आहे. रेल्वेचं मोठं इस्पितळ हुबळीला. नेहमीच्या दुखण्याला तिकडून रेफर करून घेणं, मेमो, शिक्के हे आलंच. खरीच तातडी असेल तर जवळच्या इस्पितळात नेता येतं, आपल्याकडे बांबोळीचं जीएमसी आहेच, नंतर बिलं मंजुरीला लावता येतात. मात्र तातडी होती हे कागदावर दिसलं पाहिजे. डिस्चार्ज कार्डावर दाखल केल्याची वेळ लिहून घेणं, एवढ्यावर बिल पास होतं किंवा फिरत राहतं. आणि पहिल्याच महिन्यात उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेचं वैद्यकीय ओळखपत्र काढायचं, आजारी पडल्यावर काढायला बसू नये.

आता बायकांचं. बाळंतपणाच्या रजेसाठी कुणी रेल्वेत येत असेल तर त्याला काही अर्थ नाही. रेल्वेत 180 दिवस, आणि खासगी कंपनीला 2017च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच 26 आठवडे द्यावे लागतात, म्हणजे दोन दिवस जास्तच. खरा फरक त्यानंतर पडतो. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, पूर्ण नोकरीत मिळून 730 दिवस चाइल्ड केअर लीव्ह मिळते. पहिल्या 365 दिवसांना पूर्ण पगार, पुढच्या 365 ना ऐंशी टक्के. एकट्याने मूल वाढवणाऱ्या बापालाही ती आहे. दहावीचं वर्ष, मुलाचं ऑपरेशन, सासूने हात वर केलेले दिवस, सगळ्याला ही रजा लागते. वेर्ण्यातली कुठली कंपनी कंत्राटी मुलीला असं देईल? पण नियमातलं एक वाक्य अर्ज करताना ध्यानात ठेवावं: ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, साहेबाने मंजूर करावी लागते. म्हणून मी बायकांना सांगायचो, अर्ज महिनाभर आधी द्या, कारणाचा कागद जोडा, आणि पोचेवर आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

गँगमध्ये बाई काय करणार, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिने स्वतःच दिलंय. निवड झाली म्हणजे वीस किलोचं ओझं खाली न ठेवता दोन मिनिटांत शंभर मीटर नेलं, आणि हजार मीटर पाच मिनिटं चाळीस सेकंदांत धावली. कंपनीतल्या किती साहेबांना जमेल हे? काम मात्र खरंच अंगमेहनतीचं आहे. पहाटे कीमन हातोडा-पाना घेऊन रूळ बघत निघतो, गँग खडी ओढते, पॅकिंग करते, पावसाळ्यात रात्रीची पेट्रोलिंग असते. कुळें ते कॅसलरॉक घाटाचा चढ 1:37, दोन्ही बाजूंना जंगल, दरड कधी येईल सांगता येत नाही. दूधसागर, करंझोळ भागात धड रस्ता नाही, भाजीसुद्धा गाडीनेच येते. अशा ठिकाणी बायकांना अडतं ते ताकदीवर नाही. अडतं संडासावर. चालू लाइनवर आडोसा कुठला? महिला लोको पायलटनी इंजिनात स्वच्छतागृह मागितलं, ती मागणी वर्षानुवर्षं चालली, आता इंजिनांत ते बसायला लागलंय. गँगचा आवाज तेवढा वर पोचत नाही, कारण गँगमध्ये बायका थोड्या. साऱ्या रेल्वेतच बायका शेकड्याला आठच्या आसपास आहेत.

मग होतं काय, तर मुलीला फाटकावर किंवा कार्यालयात लावतात. फाइली ने, चहा सांग, रजिस्टर भर. तिला बरं वाटतं, घरच्यांना तर फारच बरं वाटतं. मला हे पटत नाही. पद ट्रॅकचं आणि काम शिपायाचं, अशात पाच-सात वर्षं गेली की ट्रॅकवरचं काम अंगवळणी पडत नाही आणि कार्यालयातलं पद नावावर लागत नाही. त्यापेक्षा तिने विभागांतर्गत परीक्षांवर डोळा ठेवावा. जीडीसीई या खात्यातल्याच परीक्षेची नोटीस निघाली की लेव्हल-१चा माणूस क्लार्क, ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड), असिस्टंट लोको पायलट या जागांसाठी बसू शकतो. बी.कॉम. मुलीने लेव्हल-१ला पायरी समजून आत यावं. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 मध्ये असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागल्या आणि 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या. त्याच वर्षी जया वर्मा सिन्हा रेल्वे बोर्डाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. वरचं दार उघडं आहे, हे खरं. खालच्या दाराशी गर्दी कमी आहे, हेही खरं.

छळवणुकीबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं नाही, पण मनात असणार. 2013च्या कायद्याने अंतर्गत समिती सक्तीची आहे. रुजू होतानाच समितीवर कोण आहे त्यांची नावं आणि नंबर लिहून घ्यायला सांगा. सावर्ड्याच्या गँगपासून हुबळीचं कार्यालय लांब आहे, ऐन वेळी शोधाशोध नको.

परप्रांतीयांचा मुद्दा मला थोडा विनोदी वाटतो. रेल्वेची भरती देशभरातून होते, पंधरा टक्के अनुसूचित जाती, साडेसात अनुसूचित जमाती, सत्तावीस ओबीसी, दहा ईडब्ल्यूएस, चार टक्के दिव्यांग, माजी सैनिकांच्या जागा वेगळ्या. एका गँगमध्ये बिहारचा, आंध्रचा, केरळचा, धारवाडचा असे सगळे भेटतात. परीक्षा कोकणीतून आणि मराठीतूनही देता येते, तरी आपली मुलं अर्जच कमी भरतात आणि मग सगळे बाहेरचेच आलेत म्हणून ओरड करतात. गावडा, कुणबी, वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. त्यांच्यातल्या किती पोरांनी रेल्वेचा फॉर्म बघितलाय, गावात विचारून पाहा.

आणि मिसळीच्या गँगचा एक फायदा कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही: रजा. एकाच गावची दहा माणसं असली की चवथीला दहाही जणांना रजा हवी, आणि रूळ तर सांभाळलाच पाहिजे. बिहारचा माणूस चवथीला हसत ड्युटी करतो, कारण त्याला छठला आठ दिवस गावी जायचं असतं. सासष्टीतला नाताळ मागतो, तेलुगू माणूस उगादी. कठीण फक्त केरळवाल्याचं, ओणम बऱ्याचदा चवथीच्या आसपासच येतो. गँगचा मेट, म्हणजे मुकादम, हुशार असला तर जानेवारीतच वहीत सगळ्यांचे सण मांडून ठेवतो. भाषा हिंदीच चालते, पण सहा महिन्यांत तिला कन्नडमधले आकडे आणि शिव्या दोन्ही येतील.

शेवटी कागद, कारण गोव्यातल्या माणसाची खरी अडचण इथे होते. एकाच घरात बापाचं आडनाव शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं, आईच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं, ‘शांता’ला सुरुवातीला एक्स. आधारवर तिसरंच. सर्व्हिस रेकॉर्ड, फॅमिली डिक्लरेशन, उमीद आणि बँक या चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं हवं. रुजू होण्याआधी दुरुस्त होतं ते पंधरा दिवसांचं काम, नंतर तेच दोन वर्षं चालतं. ओबीसी असाल तर राज्याच्या नमुन्यातला दाखला चालणार नाही, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर घ्या.

आणि पेन्शन. 2004 पासून जुनी पेन्शन गेली, बाजारावर अवलंबून असलेली एनपीएस आली. 1 एप्रिल 2025 पासून यूपीएस या खात्रीच्या पेन्शन योजनेचा पर्याय आलाय: पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी खात्रीची पेन्शन, किमान दहा वर्षं झाली तर महिना निदान 10,000. नव्या माणसाला हा पर्याय रुजू झाल्यापासून तीस दिवसांत लिहून द्यावा लागतो, नाहीतर एनपीएस लागू राहते. ट्रेनिंग, क्वार्टर, मेडिकलच्या गडबडीत हे तीस दिवस कुठे जातात कळत नाही. कोणतं निवडायचं ते तिचं वय आणि किती वर्षं टिकायचा विचार आहे त्यावर आहे. वय आणि पत्रावरचा डेपो कळवलात तर कमेंटमध्ये आकडेमोड करून देतो.